रायफलीला लावलेलं कुंकू

"घोडा ओढायचा नाही, बाई. दाबायचा. श्वास अर्धा सोडायचा, अर्धा धरायचा. आणि गोळी सुटली की आपल्या पायांनी चालत जायचं, कुठं लागली ते आपल्या डोळ्यांनी बघायचं. दुसऱ्याला धाडायचं नाही."

हवालदार शेडग्यांचा आवाज. सांगलीला कॉलेजात असताना, चीनच्या लढाईनंतर, आम्ही आठ-दहा मुलींनी हौसेनं एन.सी.सी.त नावं घातली होती. गावाबाहेरच्या माळावर सतरंजीवर पालथं पडायचं आणि पंचवीस यार्डांवरच्या कागदावर पाच गोळ्या मारायच्या. रायफल पॉइंट टू-टू. तिचा खांद्याला धक्का असा नाहीच. मांजरानं डोकं घासावं एवढाच. माझी पाचही भोकं पाणीपुरीच्या एका पुरीखाली झाकायची. शेडगे कागद घेऊन सगळ्यांना दाखवत हिंडायचे.

मुलगी बघायला पाहुणे यायचे होते तेव्हा आईनं बजावलं, "भरतकाम येतं म्हण. ते बंदुकीचं काढू नकोस." मी भरतकाम म्हटलं. त्याला आता वीसेक वर्षं झाली होती, आणि आमच्या यांनाही भरतकामच माहीत होतं.

आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत मौनानं जेवायचं, हे माझं व्रत लग्नाच्या आधीपासूनचं. पान वाढलं की तोंड उघडायचं ते फक्त घासासाठी. मान हलवायची नाही, खुणा करायच्या नाहीत. मध्येच बोललं किंवा उठलं की जेवण संपलं. पुढचा घास दुसऱ्या दिवशी. सासूबाई म्हणायच्या, मौनानं जेवलं की अन्न अंगी लागतं. माझ्या अंगी काय लागलं ते देवाला ठाऊक, पण आमच्या यांच्या मात्र ते चांगलंच पथ्यावर पडलं.

स्टेशन वॅगन घेतल्याचं मला वरणभात कालवताना कळलं. इथल्या, ह्यूस्टनच्या महाराष्ट्र मंडळाची पन्नास माणसं गणपतीला आपल्याकडे जेवायला येणार, हे भाजीचा दुसरा घास घेताना. जेवून, हात धुऊन मी काही म्हणायला जावं, तर हे म्हणणार, "अगं, मग तेव्हाच सांगायचं ना! तू काही बोलली नाहीस, मी हो कळवून टाकलं."

सांगायचं कसं? कपाळावर लिहून?

शहाऐंशी सालच्या जुलैत, चातुर्मास लागून चार दिवस झाले असतील, मी ताकभाताशी आले होते. हे म्हणाले, "वसुधा, मी आज एक रायफल घेतली."

घास हातातच राहिला. आमची दीपा तेव्हा तेरा वर्षांची. मी गिळेपर्यंत तीच ओरडली, "डॅड! यू बॉट अ गन? वी डोन्ट ईव्हन ईट एग्ज!"

"मोठी नाही गं. पॉइंट टू-टू. धक्कासुद्धा देत नाही. दुकानातला माणूस म्हणाला, नवशिक्यानं हिच्यावरच हात बसवावा. आधी डबे, मग ससे, मग हरीण."

हरीण! मी पानाकडे बघत राहिले.

"आईला चालतंय," हे दीपाला म्हणाले. "बघ, काही म्हणत नाहीये."

यांच्या मनात काय होतं ते मला कळत नव्हतं असं नाही. तेलाचे भाव कोसळले होते, आणि यांची कंपनी तेलाचीच. ह्यूस्टनमध्ये त्या वर्षी दर शुक्रवारी कुणी ना कुणी आपल्या टेबलावरच्या वस्तू खोक्यात भरून ऑफिसातून बाहेर पडत होतं. यांच्या हाताखालचा कुमार गेला, शेजारच्या खोलीतला गिरीश गेला. यांचे साहेब टकर दर नोव्हेंबरात ऑफिसातली चार माणसं घेऊन हरणाच्या शिकारीला जायचे, आणि त्या चौघांच्या टेबलांना आजवर कुणी हात लावला नव्हता. यंदा त्यातली एक जागा रिकामी होती. यांनी साहेबांना सांगून टाकलं होतं की मलाही शिकारीची आवड आहे. झुरळ दिसलं की खुर्चीवर चढणारा माणूस!

यांच्या पोटातली भीती दिसत होती, म्हणून मी फार ताणलं नाही. पण त्या रायफलीनं घरात जो उच्छाद मांडला!

पहिलं म्हणजे ती ठेवली कुठं, तर देवघरात. म्हणजे आमचं देवघर जिन्याखालच्या कपाटात होतं. खाली देव्हारा, वर फळी. यांनी ती फळीवर आडवी ठेवली, बाळकृष्णाच्या बरोब्बर डोक्यावर.

"अहो, तिथं नको."

"कपाटाला कुलूप आहे गं. सेफ्टी! दीपाचा हात नको लागायला."

"मग मी सकाळी पूजा कशी करायची? कुलूप उघडून?"

"किल्ली तुझ्याकडे ठेव की. तुझ्याइतकं जबाबदार या घरात आहे कोण?"

झालं. म्हणजे पूजेला बसायच्या आधी रोज रायफलीचं कुलूप उघडायचं, हे माझं नवं नित्यकर्म.

दुसरं, डबे. रिकामे डबे म्हणून माझा मेतकुटाचा डबा नेला, सुपाऱ्यांचा नेला. मेतकूट पिशवीत ओतून ठेवलं होतं, तेवढी कृपा. तिसरं म्हणजे उल्हासभावजी, यांचे मित्र. ते स्वतः हृदयाचे डॉक्टर, बंदूक कधी हातात धरलेली नाही, पण सल्ले रोज. फोनवरून सांगायचे, "चंदू, डावा डोळा मिट." हे उजवाही मिटायचे.

सरावाला जागा हवी होती. शहराबाहेर, नीडव्हिल गावाच्या पलीकडे रूथ कॅल्डर नावाच्या बाईंचं रान होतं, गुरांचं कुरण आणि कडेला काटेरी झुडपं. उल्हासभावजींच्या त्या पेशंट, म्हणून ओळख निघाली. ऑगस्टातल्या एका शनिवारी आम्ही तिघं गेलो. बाई सत्तरीच्या, बोटं संधिवातानं वाकडी झालेली, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. ओसरीवर बसून मटार सोलत होत्या. बोलणं सावकाश, शब्द लांबवत.

"डब्यांवर मारा, सशांवर मारा, माझी ना नाही," त्या म्हणाल्या. "पण माझी एकच अट. ज्याला जखमी कराल, त्याला शोधायचं आणि संपवायचं. माझ्या कुरणात कुठलंही जनावर तडफडत सोडायचं नाही."

"ऑफ कोर्स, ऑफ कोर्स," हे म्हणाले. यांचं लक्ष झुडपांकडे.

बाईंनी यांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं. "आणि तू, हनी? तूही शब्द देतेस?"

मला का विचारतात ते कळेना. मी बंदूक धरणार नव्हते, कुणाला मारणार नव्हते. पण त्या परक्या ओसरीवर कुणीतरी माझ्या सांगलीच्या माळावरचंच बोलल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, "यस. आय प्रॉमिस."

त्यांनी ओंजळभर मटार माझ्या हातात दिले.

पुढचे दोन महिने दर शनिवारी तेच. मी सकाळी पूजा आटपायची, रायफल काढून द्यायची, डबा भरायचा. तिकडे पिकॅनच्या झाडाखाली सतरंजी टाकून बसायचं आणि हे बघायचं.

आणि खरं सांगते, ते बघवत नसे. ती रायफल धक्का देत नव्हती, पण हे धक्का बसायच्या आधीच दचकायचे. घोडा असा खेचायचे की जणू संडासातल्या फ्लशची साखळी. नळी हलायची, गोळी कुठं जायची ते त्या गोळीलाच माहीत. एकदा मी म्हटलं, "अहो, हळू दाबा. श्वास थोडा सोडून मग..."

"वसुधा, हे भरतकाम नव्हे."

"मी एन.सी.सी.त होते."

"माहितीये. परेड करायचात. लेफ्ट राइट लेफ्ट." आणि दीपाला म्हणाले, "तुझी आई एकदम सोल्जर होती, बरं का."

दीपा हसली. मीही हसले. काय करणार? आणि मग मी पान वाढून घेतलं, म्हणजे तोंड आपोआप बंद.

तरी सप्टेंबरअखेर दहातले चार-पाच डबे पडायला लागले. माणूस चिकाटीचा, हे मान्य करायला हवं. यांचा चेहरा जरा उजळला, रात्री झोप लागायला लागली. मला वाटलं, होऊ दे बाबा एकदाचं. हरणाचं पुढं बघू, हरणं काही मूर्ख नसतात.

मग दसरा आला. दरवर्षी मी गाडीला, शिवणयंत्राला, यांच्या कॅल्क्युलेटरला हळदकुंकू लावते. यंदा हे अंघोळ करून स्वतः रायफल घेऊन आले, पाटावर ठेवली आणि म्हणाले, "शस्त्रपूजा! खरं शस्त्र घरात पहिल्यांदाच आलंय. चांगलं ठसठशीत लाव. टकरचा काही भरवसा नाही, निदान देवीचा तरी असू दे."

मी काय म्हणणार? जिच्यावर त्या घराची झोप टांगलेली होती ती वस्तू. मी कुंकू पाण्यात दाट कालवलं. दस्त्याला लावलं, गोळी आत सरकवायच्या बोल्टला लावलं आणि नळीच्या टोकाला एक बोट टेकवलं. झेंडूचं फूल ठेवलं, अक्षता वाहिल्या. सोनं म्हणून वाटायला इथं आपट्याची पानं कुठली, अंगणातल्या झाडाचीच दिली.

पुढच्या शनिवारी दहातला एकही डबा पडला नाही.

प्रत्येक गोळी डब्याच्या अलीकडे, खालच्या मातीत. फट्ट फट्ट धूळ उडायची आणि डबा ढिम्म.

"बिघडली!" हे म्हणाले. "एवढी नवी कोरी, आणि बिघडली!"

"डॅड, मेबी इट्स यू," दीपा म्हणाली.

"मी नाही. माझा हात आता बसलाय. उलट पुढचं टोक लाल झाल्यापासून मला जास्त स्पष्ट दिसतंय."

मी तेव्हा दूर्वा खुडत होते. ते वाक्य माझ्या कानावरून गेलं. गेलं ते गेलंच, याची चुटपुट अजून आहे.

त्यात टकरसाहेबांनी यांना लिफ्टमध्ये गाठलं आणि विचारलं, "डबे ठीक आहेत, पण श्वास घेणारं काही मारलंयस का आजवर? नाही म्हणजे, ऐन वेळी ज्याचे हात थरथरतात असा माणूस मला रानात नको." हे यांनी मला सांगितलं, अर्थातच, मी आमटीभात जेवत असताना. आणि जोडून म्हणाले, "या शनिवारी एक ससा. एकच. सोमवारी सांगता आलं पाहिजे. ठीक आहे ना? ठीक आहे."

दिवाळीच्या आधीचा शनिवार. अकराच्या सुमारास पोचलो. रूथबाई ओसरीवर होत्या, त्यांनी हात हलवला.

तासभर काही दिसलं नाही. मी पिकॅनखाली बसून पान वाढून घेतलं. दोन पोळ्या, बटाट्याची भाजी, दहीभात. हात जोडले आणि पहिला घास घेतला.

तेवढ्यात झुडपाच्या कडेला, चाळीसेक पावलांवर, ससा आला. मातकट, कानाची टोकं उन्हात गुलाबी. हे पोटावर पडलेले होतेच. मी बघितलं, यांनी श्वास धरला. तो सगळाच धरला, अर्धा नाही. पण या वेळी घोडा खेचला नाही, दाबला. मला आश्चर्य वाटलं.

आवाज तो केवढासा, काडी मोडल्यासारखा. ससा उडाला, बाजूला पडला, उठला. मागचा एक पाय लोळागोळा झालेला. तो ओढत तो झुडपात शिरला. जाताना ओरडला. ससे ओरडतात हे मला तोवर माहीत नव्हतं.

हे उठून उभे राहिले. चेहरा पांढराफटक.

"लागली," हे म्हणाले. "लागली ना? दीपा, तू पाहिलंस ना? लागली. झालं. चला, आवरा. उल्हास संध्याकाळी यायचाय."

"डॅड, इट्स स्टिल अलाइव्ह."

"मरेल ते. आपोआप मरेल थोड्या वेळात."

"मिसेस कॅल्डर सेड..."

"मला माहितीये काय म्हणाल्या ते! त्यांना तिथून दिसतंय का? काटे बघ किती आहेत. साप असतील. आणि मला..." यांनी तोंडावर हात धरला. मला वाटलं यांना ओकारी येणार. ती आवरून ते म्हणाले, "मी सांगितलं ना, काम झालं. सोमवारी टकरला सांगायला हेच पुरे आहे."

"इट्स क्राइंग, डॅड!"

"दीपा, पुरे! आई काही म्हणतेय का? आईला चालतंय, तर तुला काय झालं?"

माझ्या हातात दहीभाताचा घास होता.

वीस वर्षं मी हे ऐकत होते. गाडीबद्दल, पाहुण्यांबद्दल, देवघरातल्या रायफलीबद्दल. ते सगळं चालून गेलं, कारण ते सगळं घरातलं होतं. आता झुडपात एक जीव रडत होता, आणि त्याच्या रडण्याखाली हे माझी सही घेत होते.

मी घास पानात परत ठेवला. पानाला नमस्कार केला, तांब्यातलं पाणी हातावर घेतलं आणि उठले.

दोघं माझ्याकडे बघत राहिले. चातुर्मासात मी पानावरून उठलेली यांनी कधी पाहिली नव्हती. दीपाला ताप भरून झटका आला होता, तेव्हासुद्धा सुदैवानं माझं जेवण झालेलं होतं.

"अगं... अगं, काय झालं? उद्यापर्यंत उपाशी राहशील!"

मी यांच्यापाशी जाऊन हात पुढे केला. "द्या इकडे."

"काय?"

"रायफल."

"तुला काय येतंय त्यातलं?"

"द्या," मी म्हटलं. आवाज चढवला नाही. मला तो चढवता येतच नाही.

यांनी दिली. मी नळी जमिनीकडे केली, बोल्ट मागे ओढला, रिकामं काडतूस बाहेर पडलं. आत चार गोळ्या होत्या. वीस वर्षांनी बोटांना सगळं आठवत होतं, डोक्यालाच आश्चर्य वाटत होतं. मग सवयीनं खांद्याला लावून बघितली आणि थांबले.

नळीच्या टोकावर नेम धरायला जो बारीक खुंट असतो, त्याला शेडगे माशी म्हणायचे. ती माशी दिसेना. तिच्या जागी वाळलेल्या कुंकवाचा गोळा होता, चण्याच्या डाळीएवढा. माझ्याच बोटानं टेकवलेला. माशी उंच झाली की माणूस ती खाली आणतो, नळी खाली जाते, गोळी खाली लागते. डब्याच्या खाली. सशाच्या छातीऐवजी पायाला.

हे बरोबर म्हणत होते. यांचा हात खरंच बसला होता.

"वसुधा?" हे म्हणाले. "काय बघतेस?"

"तुमचं चुकलं नाही," मी म्हटलं. "निदान सगळं नाही."

मी ते कुंकू नखानं खरवडलं. टणक झालं होतं, सुटेना. पदराचं टोक जिभेनं ओलं करून चोळलं. लाल डाग पदराला लागला आणि खालचं काळं लोखंड बारीक, सरळ दिसायला लागलं.

जन्मात मी जाणूनबुजून मुंगी मारलेली नाही. ओट्यावर आल्या तर दाराबाहेर साखर ठेवते. याचं प्रायश्चित्त काय, ते कुणाला विचारायचं तेही मला माहीत नव्हतं; ह्यूस्टनच्या देवळातले भटजी शनिवारी सत्यनारायणात असतात. पण झुडपातला आवाज आता थांबून थांबून येत होता.

"मॉम," दीपा पुढे आली. तिच्या डोळ्यांत पाणी. "व्हेअर आर यू गोइंग?"

"बाईंना शब्द दिलाय."

"बट दॅट वॉज डॅड..."

"मीही दिलाय. तू इथंच बैस बाबांजवळ. त्यांना पाणी दे."

"मी येतो," हे म्हणाले, पण पाय हलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "तुला खरंच येतं?"

मी चपला काढून, यांनी काढून ठेवलेल्या बुटांत पाय घातले, झुडपात काटे होते म्हणून. मोठे होत होते. पदर खोचला. नळी खाली ठेवून, बोल्ट उघडाच ठेवून, चालायला लागले.

ससा जिथं उडाला होता तिथं गवत दबलेलं होतं. एका पात्यावर लाल थेंब, पुढच्या पात्यावर अजून एक. मी खाली वाकले, कुठल्या बाजूला गेलाय ते बघितलं, आणि पुढचं पाऊल जपून टाकलं, त्याला माझी चाहूल लागू नये म्हणून.